स्कायरिममध्ये दिसण्याचे मॉड टाकताना: क्रम कसा ठेवायचा आणि घोळ कुठे होतो

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये मॉड, म्हणजे इतरांनी बनवलेला बदल, टाकला, खेळ सुरू केला, व्हाइटरन शहरात पोचलात, आणि लिडिया या पात्राचा चेहरा काळपट राखाडी तर मान गोरीपान. किंवा चिलखताच्या जागी झगझगीत जांभळा रंग. किंवा सगळं अगदी पूर्वीसारखंच, मॉड टाकलाच नाही जणू. तिन्ही तक्रारींवर सल्ला एकच मिळतो, "परत इन्स्टॉल करून बघ". त्याने क्वचितच काही होतं, कारण फाइल बहुतेक वेळा जागेवरच असते. दोन मॉडना एकाच जागी बसायचं असतं, आणि कोण बसणार हे तुम्ही ठरवलेलं नसतं.

"केस, चेहरा, कपडेच तर बदलायचेत, कुठल्याही क्रमाने टाकले तरी काय बिघडतंय" हा समज आधी सोडा. दिसण्याच्या मॉडमध्ये क्रमालाच सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

हा लेख स्कायरिम स्पेशल एडिशनच्या पीसीवरच्या, स्टीममधल्या आवृत्तीसाठी आहे. अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन घेतली असेल तरी पायऱ्या याच. गेम पास आणि एपिकच्या प्रतींवर एसकेएसई (खेळाची ताकद वाढवणारं पूरक साधन, बरेच मॉड त्यावर चालतात) चालत नाही, त्यामुळे इथलं निम्मं काम तिथे जमणार नाही.

१. मॉडला हात लावण्याआधी

पहिलं काम म्हणजे खेळाची जागा. स्टीम आपणहून सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसतं, आणि त्या फोल्डरमध्ये कोण काय लिहितंय यावर विंडोजची नजर असते. मॉडची साधनं तिथे अडखळतात, आणि कित्येकदा गुपचूप अडखळतात. स्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या ड्राइव्हवर, किंवा सी ड्राइव्हवरच पण प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, नवी लायब्ररी तयार करा आणि खेळ तिकडे हलवा.

फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी ठेवा. "माझे गेम्स" असं देवनागरीत नाव दिलं तर विंडोजची हरकत नसते, पण मॉडच्या दुनियेतली काही जुनी साधनं असा पत्ता वाचताना गोंधळतात. मग चूक भलतीकडेच शोधत बसावं लागतं.

मग कुठलाही मॉड न टाकता खेळ त्याच्या मूळ लाँचरवरून एकदा सुरू करा, ग्राफिक्सची पातळी निवडा, मुख्य मेनूपर्यंत जा आणि बंद करा. खेळाच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइली यातूनच तयार होतात. ही पायरी गाळणारे खूप आहेत, आणि पुढे मॉड मॅनेजर "आयएनआय सापडत नाही" म्हणाला की गोंधळतात.

आता आवृत्ती बघा. खेळाच्या फोल्डरमध्ये स्कायरिमएसई ही ईएक्सई फाइल आहे. तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथला आकडा कागदावर लिहून ठेवा. तो १.५.९७ असेल तर ही २०२१ च्या मोठ्या अपडेटच्या आधीची प्रत आहे. १.६ ने सुरुवात होत असेल तर नंतरची. १.६ मध्येही ६४० आणि ११७० या वेगळ्या आवृत्त्या आहेत, आणि एकीचा एसकेएसई दुसरीला लागत नाही.

इशारा: स्टीममध्ये खेळाच्या प्रॉपर्टीजमधून अपडेटचा पर्याय "खेळ सुरू केल्यावरच अपडेट करा" असा करून ठेवा. नाहीतर रात्रीतून खेळ अपडेट होईल आणि सकाळी निम्मे मॉड मान टाकतील.

२. मॉड ऑर्गनायझर आणि एसकेएसई

झिप उघडून फाइली थेट खेळाच्या डेटा फोल्डरमध्ये ओतायच्या, ही पद्धत अजून कित्येकांच्या हातात बसलेली आहे. ती सोडा. एकदा ओतलं की कोणती फाइल कोणत्या मॉडची हे कळायला मार्ग नाही, आणि जुन्या फाइलवर नवी बसली की जुनी गेलीच.

मॉड ऑर्गनायझर २ वापरा. तो प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि खेळ सुरू करताना ते सगळे डेटा फोल्डरमध्येच आहेत असं खेळाला भासवतो. मूळ फोल्डर स्वच्छ राहतो. व्हॉर्टेक्स या दुसऱ्या मॉड मॅनेजरनेही काम होतं, पण कोण कोणावर बसलंय हे दिसण्यात मॉड ऑर्गनायझर सरस आहे, आणि दिसण्याच्या मॉडमध्ये मला तेच हवं असतं. फक्त तो खेळाच्या फोल्डरच्या आत टाकू नका, बाहेर वेगळी जागा द्या.

मग एसकेएसई. मघाशी लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळणारीच आवृत्ती घ्या: १.५.९७ साठी २.०.२०, स्टीमच्या १.६.११७० साठी २.२.६. आतली लोडर ईएक्सई आणि डीएलएल फाइली स्कायरिमएसई ईएक्सईच्या शेजारी, खेळाच्या मुख्य फोल्डरमध्ये जातात. लोक त्या डेटामध्ये टाकतात आणि "चालत नाही" म्हणतात. सोबतचा स्क्रिप्ट्सचा फोल्डर मात्र डेटाचाच भाग आहे. तो मॉड ऑर्गनायझरमध्ये वेगळा मॉड म्हणून टाका.

अ‍ॅड्रेस लायब्ररीही आत्ताच घ्या, एसकेएसईवर चालणारे बरेच मॉड तिच्यावर अवलंबून असतात. तिची १.५ साठीची आणि १.६ साठीची फाइल वेगळी आहे. रेसमेनूचंही (पात्राचं रूप घडवायचा मॉड) तसंच.

तपासणी: मॉड ऑर्गनायझरच्या उजवीकडच्या यादीतून एसकेएसई निवडून तिथूनच खेळ सुरू करा. मुख्य मेनूवर आकडा एकच्या डावीकडची कळ दाबून कन्सोल उघडा आणि गेटएसकेएसईव्हर्जन हा आदेश जोडून, इंग्रजी अक्षरांत टाइप करा. आकडा आला तर पुढे चला. आला नाही तर इथेच थांबा, पुढचं काहीही टाकू नका.

इशारा: यापुढे खेळ डेस्कटॉपच्या शॉर्टकटवरून किंवा स्टीमच्या प्ले बटणावरून सुरू करायचा नाही. तसं केलं तर एकही मॉड दिसणार नाही. "टाकला पण दिसत नाही" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

३. दोन याद्या, दोन वेगळे वाद

हा भाग सावकाश वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

मॉड ऑर्गनायझरमध्ये डावीकडे मॉडची यादी असते, उजवीकडे प्लगइनची, म्हणजे खेळातल्या नोंदी बदलणाऱ्या ईएसपी, ईएसएम, ईएसएल फाइलींची. दोन्हीकडे नियम एकच: खालचा जिंकतो. भिंतीवर पोस्टरवर पोस्टर चिकटवलं की शेवटचं दिसतं, तसं. पण दोन्हीकडचा वाद वेगळा आहे.

डाव्या यादीत फाइलींचा वाद सुटतो. दोन मॉडनी एकाच नावाचं टेक्सचर (वस्तूवर चढवलेलं चित्र) किंवा मेश (वस्तूचा आकार) आणलं असेल तर यादीत खाली असलेल्याचं लागतं. उजव्या यादीत नोंदींचा वाद सुटतो: या पात्राचे केस कोणते, वजन किती, अंगावर काय. दोन प्लगइन एकाच पात्राची नोंद बदलत असतील तर खालच्या प्लगइनचं खरं.

आता खोच. काही मॉडच्या फाइली सुट्या असतात, काहींच्या बीएसए नावाच्या गठ्ठ्यात बांधलेल्या. सुटी फाइल बीएसएमधल्या फाइलला नेहमी हरवते, डाव्या यादीत तिचा मॉड वर असो की खाली. दोन बीएसएंमधला वाद उजव्या यादीतल्या त्यांच्या प्लगइनच्या क्रमाने सुटतो. "मी तर हा मॉड सगळ्यात खाली ठेवलाय, तरी जुनंच टेक्सचर दिसतंय" असं झालं की बीएसए आठवा. खालच्या मॉडची फाइल गठ्ठ्यात आहे आणि वरच्याची सुटी, म्हणून वरचा जिंकतोय.

डाव्या यादीत मॉडच्या नावापुढे वीजेचं चिन्ह दिसतं. हिरवं अधिक म्हणजे हा दुसऱ्यावर बसलाय, लाल उणे म्हणजे दुसरा याच्यावर बसलाय. लाल दिसलं म्हणून घाबरायचं नाही. जो जिंकायला हवा तोच जिंकतोय ना, एवढं बघायचं.

उजव्या यादीसाठी सॉर्टचं बटण आहे, त्यामागे लूट नावाचं क्रम लावणारं साधन काम करतं. ते दाबा, पण कोणता चेहरा तुम्हाला आवडतो हे त्याला कळत नाही. पात्रांचं रूप बदलणाऱ्या प्लगइनचा आपसातला क्रम तुमचा तुम्हालाच लावायचा आहे.

४. डाउनलोड करताना

मॉडच्या पानावर रिक्वायरमेंट्सची यादी असते. ती वाचूनच डाउनलोडचं बटण दाबा. पानावर पाच फाइली असतील तर पाचही लागतात असं नाही. कित्येकदा त्यातली एक १के, एक २के, एक ४के असते आणि घ्यायची असते एकच.

४के घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. हिशोब करून बघा: बीसी७ पद्धतीने दाबलेलं ४०९६ बाय ४०९६ चं एक टेक्सचर साधारण १६ एमबी जागा घेतं, मिपमॅप (दूरून दाखवायच्या छोट्या प्रती) धरून २१ च्या आसपास. २के त्याच्या पाव. एका चिलखताला रंगाचं, नॉर्मलचं (उंचसखलपणा दाखवणारं) आणि आणखी एखादं टेक्सचर असतं, आणि बाजारात अशी दहा माणसं उभी असतात. ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर शरीर आणि चेहरा २के, चिलखतं २के, किरकोळ वस्तू १के पुरे. दहा पावलांवरून फरक दिसत नाही, अडखळणारा खेळ मात्र लगेच जाणवतो.

आणखी एक सापळा म्हणजे २०११ च्या मूळ स्कायरिमचे मॉड. त्यातली नुसती टेक्सचर्स बहुतेक वेळा चालून जातात. मेशेस, बीएसए आणि अ‍ॅनिमेशन तशीच टाकायची नाहीत, ती आधी रूपांतरित करावी लागतात. जुन्या प्लगइनवर मॉड ऑर्गनायझर फॉर्म ४३ ची खूण दाखवतो. ती दिसली की हा मॉड बहुधा जुन्या खेळाचा.

नेक्सस मॉड्स या मॉडच्या संकेतस्थळावर खातं फुकट मिळतं, फक्त डाउनलोड सावकाश होतं. तोच मॉड कुठल्यातरी ग्रुपवर "सगळं एकत्र" गठ्ठ्यात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्यात कोणत्या आवृत्तीचं काय भरलंय याचा पत्ता लागत नाही.

५. टाकण्याचा क्रम

खालून वर घर बांधत जायचं आहे. एक टप्पा टाकायचा, खेळ सुरू करून बघायचं, मग पुढचा. एका दमात वीस मॉड टाकणाऱ्याला नंतर वीसही तपासावे लागतात.

आधी पाया: अनऑफिशियल पॅच (खेळातल्या चुका दुरुस्त करणारा), स्काययूआय (मेनू सुधारणारा), रेसमेनू.

मग स्त्री पात्रांचं शरीर बदलणारा मॉड. सीबीबीई घ्या किंवा यूएनपी घराण्यातलं काही घ्या, पण एकच घ्या. दोघांच्या टेक्सचरची मांडणी वेगळी आहे. सीबीबीईसाठी काढलेली त्वचा यूएनपीच्या शरीरावर टाकली की सांधे भलतीकडेच उमटतात. पुरुष पात्रांसाठी वेगळा मॉड लागतो, तो इथेच टाका.

त्यानंतर त्वचा. स्कायरिममध्ये त्वचा एकसंध नाही. धडाचं टेक्सचर वेगळं, हातांचं वेगळं, डोक्याचं वेगळं. धड एका मॉडचं आणि डोकं दुसऱ्याचं आलं की मानेवर रेघ उमटते. म्हणून तिन्ही एकाच संचातली ठेवा. रेघ दिसलीच तर मॉड ऑर्गनायझरच्या उजवीकडच्या डेटा टॅबमध्ये फीमेलहेड आणि फीमेलबॉडी, इंग्रजीत, शोधा. प्रत्येक फाइलपुढे ती कोणत्या मॉडमधून येतेय ते लिहिलेलं असतं. दोन वेगळी नावं दिसली तर चोर सापडला.

पुढे केस, डोळे, भुवया. केसांचे मोठे संच आले की रेसमेनू उघडायला वेळ लागतो. त्यात बिघाड काही नसतो.

मग कपडे आणि चिलखतं. इथे बॉडीस्लाइड (शरीर आणि कपडे हव्या बांध्याचे घडवणारं साधन) लागतो, आणि लोक हमखास चुकतात तेही इथेच. चिलखताचा मॉड सीबीबीईसाठी आहे म्हणजे तो तुमच्या निवडलेल्या बांध्याला आपोआप बसेल असं नाही. बॉडीस्लाइडमधून ते घडवून घ्यावं लागतं:

बॉडीस्लाइड मॉड ऑर्गनायझरमधूनच सुरू करा. बाहेरून उघडला तर त्याला तुमचे मॉड दिसतच नाहीत.

प्रीसेट (आधीच ठरवलेला बांधा) निवडा, योग्य गट निवडा, बॅच बिल्ड दाबा. एकाच फाइलसाठी दोन-तीन पर्याय असतील तर तो विचारेल. प्रत्येकातून एक निवडा, नुसतं ओके ओके दाबत सुटू नका.

तयार झालेल्या फाइली मॉड ऑर्गनायझरच्या यादीत अगदी खाली, ओव्हरराइट या फोल्डरमध्ये जमतात. त्यावर राइट क्लिक करून त्यांचा नवा मॉड बनवा, "बॉडीस्लाइडचं आउटपुट" असं ओळखू येणारं नाव इंग्रजी अक्षरांत द्या, आणि तो डाव्या यादीत शरीर आणि कपड्यांच्या सगळ्या मॉडच्या खाली ठेवा.

इशारा: नंतर नवा कपड्यांचा मॉड टाकलात किंवा प्रीसेट बदललात तर हे पुन्हा करायचं. नग्न अवस्थेत शरीर एका आकाराचं आणि कपडे घातले की दुसऱ्याच, असं झालं तर कपडे घडवायचे राहिलेत. कपड्यातून कातडी बाहेर डोकावत असेल तरी आधी हेच तपासा.

सगळ्यात शेवटी पात्रांचे चेहरे. त्यांना स्वतंत्र टप्पा दिलाय.

६. काळा पडलेला चेहरा

खेळातल्या प्रत्येक पात्राचा चेहरा आधीच घडवून फाइलीत ठेवलेला असतो, त्याला फेसजेन म्हणतात. एक मेश असते, एक रंगाची फाइल. आणि प्लगइनमध्ये त्याच पात्राची नोंद असते: नाक अमुक, केस तमुक. नोंद आणि फाइल यांचं जुळलं नाही की चेहरा काळपट पडतो. बस, एवढंच कारण आहे. टेक्सचर खराब नाही, ग्राफिक्स कार्डही नाही.

न जुळण्याची वाट सहसा अशी. तुम्ही चेहऱ्यांचे दोन मॉड टाकलेत, अ आणि ब. डाव्या यादीत ब खाली, म्हणून फाइल बची लागली. उजव्या यादीत अचं प्लगइन खाली, म्हणून नोंद अची लागली. चेहरा एकाचा, वर्णन दुसऱ्याचं. चेहऱ्याशी संबंध नसलेला एखादा मॉडही हे करू शकतो. पात्राला नवी तलवार देणारं छोटंसं प्लगइन खाली बसलं की त्याच्यासोबत त्या पात्राची अख्खी जुनी नोंद परत येते.

लिडियाचंच घेऊ. कन्सोल उघडून तिच्यावर क्लिक केलं की ०००ए२सी९४ असा क्रमांक दिसतो. तो समोर उभ्या असलेल्या लिडियाचा. फेसजेनची फाइल मात्र तिच्या मूळ नोंदीच्या क्रमांकाने असते, ०००ए२सी८ई. पहिला क्रमांक शोधत बसलात तर फाइल सापडायचीच नाही.

हा दुसरा क्रमांक डेटा टॅबच्या शोधखान्यात, अर्थात इंग्रजीत, टाका. मेश कोणत्या मॉडची आणि रंगाची फाइल कोणत्या मॉडची हे दिसेल. दोन्ही एकाच मॉडच्या हव्यात. मग एसएसईएडिट (प्लगइनमधल्या नोंदी दाखवणारं साधन) मॉड ऑर्गनायझरमधून उघडा, त्याच क्रमांकाची नोंद काढा आणि सगळ्यात उजवीकडचा स्तंभ कोणाचा आहे ते बघा, जिंकलेला तोच. तिथेही त्याच मॉडचं नाव हवं.

नसेल तर दोन्ही याद्यांमध्ये तो मॉड खाली आणा. साधी सवय लावून घ्या: चेहऱ्यांचे मॉड डावीकडे ज्या क्रमाने, उजवीकडे त्यांची प्लगइनही त्याच क्रमाने, आणि दोन्हीकडे अनऑफिशियल पॅचच्या खाली. बीएसए आणि सुट्या फाइलींचा नियम इथेही लागू आहे, विसरू नका.

फेस डिसकलरेशन फिक्स नावाचा मॉड आहे, तो काळपटपणा लपवतो. पण चेहरा मग तुम्ही निवडलेला येईलच असं नाही. आधी याद्या सुधारा, तो मॉड नंतर हवा तर ठेवा.

७. लक्षणावरून कारण

जांभळं किंवा गुलाबी: टेक्सचर सापडत नाही. एक तर मॉडचा मुख्य भाग न टाकता फक्त पॅच टाकलाय, किंवा आतला फोल्डर एक पायरी खोल बसलाय. दुसऱ्या बाबतीत मॉड टाकतानाच मॉड ऑर्गनायझर तक्रार करतो. तिथे टेक्सचर्स आणि मेशेस ज्याच्या आत आहेत त्या फोल्डरवर राइट क्लिक करून त्याला डेटा डिरेक्टरी म्हणून नेमा.

लाल त्रिकोणात उद्गारचिन्ह: मेश सापडत नाही.

मुख्य मेनूच्या आधीच खेळ बंद: कुठल्यातरी प्लगइनला लागणारं दुसरं प्लगइन नाही, किंवा एसकेएसईचा एखादा मॉड चुकीच्या आवृत्तीचा आहे.

ठरावीक जागी गेलं की क्रॅश: जुन्या खेळाची मेश असण्याचा संशय पहिला.

काहीच बदललं नाही: डावीकडे मॉडपुढे टिक आहे का, उजवीकडे प्लगइनपुढे आहे का, खेळ मॉड ऑर्गनायझरमधून सुरू केलाय का, याच क्रमाने बघा. आणि लक्षात ठेवा, नुसत्या टेक्सचरच्या मॉडला बहुतेकदा प्लगइन नसतंच. उजवीकडे नाव नाही म्हणून तो बिघडलेला ठरत नाही.

८. मॉड काढताना

फक्त टेक्सचर किंवा मेश असलेला मॉड चालू सेव्हमधून कधीही काढता येतो. केसांचा मॉड काढण्याआधी रेसमेनूत जाऊन मूळ खेळातले केस लावा, नाहीतर तुमच्या पात्राला टक्कल पडू शकतं. घडवलेला चेहरा रेसमेनूच्या प्रीसेटमध्ये साठवून ठेवा. स्क्रिप्ट असलेला मॉड, दिसायला नुसता कपड्यांचा वाटला तरी, चालू सेव्हमधून उपटू नका. तो काढायचाच असेल तर टाकण्याआधीची सेव्ह वापरा. त्यासाठी प्रत्येक नव्या मॉडच्या आधी एक वेगळी सेव्ह करा, क्विकसेव्ह नव्हे, कारण पुढची क्विकसेव्ह आली की जुनी मागे पडते.

प्रयोगांसाठी मॉड ऑर्गनायझरमध्ये दुसरं प्रोफाइल बनवा आणि त्याच्या सेव्ह वेगळ्या ठेवण्याचा पर्याय चालू करा. मॉड तेच राहतात, पण टिक आणि क्रम प्रत्येक प्रोफाइलचा आपापला असतो. नवा चेहरा, नवं चिलखत आधी तिथे बघा, आणि पटलं तरच मुख्य प्रोफाइलमध्ये टिक करा.